मिरचीच्या भावात नाचणारा माणूस

बायांनो, आज माझ्याच जिभेने माझं तोंड काळं केलं.

सकाळी सून मोबाइलवर लोणच्याची कृती वाचत होती. मधेच चड्डी-बनियनची जाहिरात लागली. ती म्हणे, "आई, आपोआप लागतं." मी कसली ऐकते! विसरवाडीहून तिची आई आलेली, तिच्यादेखतच आईची शिकवण काढली, "तुन्ही मायनी हाईच देखाले शिकाडं का तुले?" विहीणबाई चहा न पिताच गेल्या.

दुपारी शेजारणींना मिरचीचे भाव दाखवायला मी एक छोटी वेबसाइट उघडली, तर तोच चड्डीवाला नाचायला लागला. मला बंदही करता येईना.

"आजी, मिरचीना हाऊ भाव शे का?" शेजारीण हसली.

सुनेने गुपचूप जाहिरात बंद केली. मिरचीचे भाव काढून मोबाइल माझ्या हातात दिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

उद्या पहिल्या बसने विहीणबाईंकडे जाते. सुनेच्या आईची माफी मागताना सुरुवात कशी करतात? कोणी केलीय का कधी?