दत्तूअण्णांचा डावा हात

ऑइलपेंटचा वास आला की मला हाड मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. ओझरच्या अलीकडं आमचं गाव. त्या दिवशी सरपंचाची निवड होती. पंचायतीच्या भिंतीवर मी हौसेनं सुविचार रंगवून घेतला होता. महायुद्धानंतर देश उभा करणाऱ्या कुणा परदेशी पंतप्रधानाचा, पुढाऱ्यानं संधी ओळखावी अशा अर्थाचा. रंग अजून ओला होता. माझ्यामागं वीस पोरं होती, म्हणून मी स्वतःला पुढारी समजत होतो.

निवडीपर्यंत आपापल्या सदस्यांना सहलीला पळवायची आमच्याकडं रीत. आमच्या पॅनेलचे दत्तूअण्णा मात्र विरोधकांच्या जीपमधून उतरले. मतदान हात वर करून व्हायचं. मी ओरडलो, "हातच मोडा त्याचा!"

पोरांनी त्यांना त्याच भिंतीवर दाबलं. तिसऱ्या काठीला उजवं कोपर कडकन वाजलं. ओल्या अक्षरांना रक्त लागलं. खरं सांगतो, मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

अण्णा उठले आणि लोंबता हात पोटाशी धरून आत गेले. मतदानाच्या वेळी त्यांनी डावा हात वर केला. "सायेब, ह्यो हाय की अजून," एवढंच निवडणूक अधिकाऱ्याला म्हणाले.

परवा तीच भिंत पुन्हा रंगवत होते. पेंटरनं विचारलं, "भाऊ, नेतृत्वावरचं वाक्य लिवलंय. खाली नाव कुणाचं टाकू?"

दत्तूअण्णांचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, त्यांचा उजवा हात कुणी मोडला.