जड गोळी घ्या म्हणाले बाबा

माझे सासरे, मुरलीधरराव, आयर्लंडमध्ये मलिंगारला आमच्याकडे राहायला आले की आठवडाभरात साऱ्या गल्लीला कळतं. या खेपेला तर त्यांनी कहरच केला. शेजारचा डेक्लन शेतकरी आहे, लायसन्स काढून हरणं मारतो. त्याला कुंपणापाशी गाठून बाबांनी सांगून टाकलं, "आय वॉज इन बुलेट्स."

खोटं नाही ते. बाबा लष्कराच्या दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्टर होते. उभा जन्म गोळ्या तोलण्यात गेला; वजनात जरा इकडेतिकडे झालं की माल परत. पण शिकार? आमच्या बाबांनी घरात झुरळसुद्धा मारलेलं नाही. ते खातं सासूबाईंचं.

डेक्लनला हे कुठून माहीत असणार? दुसऱ्याच दिवशी त्याने आमच्या किचनमध्ये बसून बाबांपुढे मन मोकळं केलं. हरणं त्याची ओकची रोपं खाऊन टाकतात, म्हणून मारावी लागतात. पण गेल्या हिवाळ्यात त्याची गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावरच फुटली आणि ते जखमी होऊन पळून गेलं. दिवसभर शोधलं, सापडलं नाही. तेव्हापासून त्याने रायफलला हात लावला नव्हता. आता घ्यायची तर कुठली गोळी घेऊ, हलकी एकशे तीस ग्रेनची की जड एकशे पन्नासची? हलकी वेगाने आणि सरळ जाते, जड आत खोल जाते.

"मिस्टर मुरली, तुम्ही म्हणाल ती घेतो," तो म्हणाला.

कुणी शहाणा माणूस म्हणाला असता, बाबा रे, यातलं मला कळत नाही. बाबा म्हणाले, "लेट मी थिंक."

मग काय, विचारच विचार. टीव्हीवर रोज हरणांच्या हाडांचे व्हिडिओ. माझ्या नवऱ्याने, विवेकने, "सरळ नाही म्हणून सांगा ना त्याला," म्हटलं तर त्याच्याशी अबोला. एकदा तर ते घट्ट वरणात पेन्सिल खुपसून गोळी किती खोल जाईल ते बघताना सापडले.

"बाबा, ते वरण आहे. पळून नाही जायचं," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. जेवणही कमी झालं होतं त्यांचं. "कौमुदी, माझं चुकलं तर ते जनावर माझ्यामुळे तडफडेल गं," म्हणाले. तेव्हा मलाही वाईट वाटलं, पण ही आफत ओढवून घ्यायला सांगितलं कुणी होतं?

शेवटी निकाल लागला. जड. डेक्लन म्हणाला, "ग्रँड," आणि शनिवारी सकाळी जायचं ठरवलं. शनिवारी बघते तर बाबा विवेकचं जाकीट, कानटोपी, गमबूट अशा थाटात दारात उभे.

"थंडीत कुठे निघालात?"

"माझ्या शब्दावर गोळी सुटणार आणि मी इथे पोहे खात बसू?"

दुपारी डेक्लन त्यांना सोडायला आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. एकच गोळी, हरीण जागच्या जागी कोसळलं. युअर मॅन, म्हणजे इकडच्या बोलीत 'हा गडी', इज अ जीनियस, असं त्याने मला दोनदा ऐकवलं आणि बाबांना घट्ट मिठी मारून गेला. आता आठवडाभर हे पुराण ऐकावं लागणार, असं म्हणत मी चहा टाकला.

बाबा कानटोपीसकट टेबलापाशी बसले होते.

"काय जीनियस, झालं ना मनासारखं?"

"हो. लगेच गेलं ते. एक पाऊलही टाकलं नाही." त्यांनी कप पुढे ओढला, पण उचलला नाही. "गोळी लागते म्हणजे काय होतं, ते मी आज पहिल्यांदा बघितलं."

"बाबा..."

"इतकी वर्षं गोळ्या पास करत होतो गं मी. त्या काही हरणांसाठी नव्हत्या."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.