बाबांनी राखलेल्या सीटा

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे माझे बाबा. गणपतीला गावी जाणाऱ्या बसच्या सीटा वर्षानुवर्षं त्यांच्या फोनवर ठरायच्या. यंदा कमिटीतले दोघेतिघे कुजबुजायला लागले, "यांना आता झेपत नाही, नवीन माणूस बघा." बाबा भर मीटिंगमध्ये बोलून बसले, "माझी मुलगी अंधेरीला वेबसाइट बनवते. यंदा बुकिंग मोबाइलवर!" झालं. त्यांचं सेक्रेटरीपद आलं माझ्या गळ्यात.

मंडळाच्या वेबसाइटवर मी एक मॉड्यूल केलं, म्हणजे पानावरचा एक चौकोन. वर सूचनांसाठी थोडी जागा, खाली बसचं चित्र आणि त्यामागे ते चालवणारा कोड, माझी जावास्क्रिप्ट. सीटवर बोट ठेवलं की ती लाल होणार, तुमची झाली. ऑफिसात तपासलं, घाटकोपरला घरी येऊन पुन्हा तपासलं. झकास चालत होतं.

रविवारी सकाळी बुकिंग उघडलं आणि वाट लागली. सीट दाबलीच जाईना. आत बघते तर स्क्रिप्टच गायब! परत टाकली, चालली. चहाचा कप उचलते तोवर पुन्हा गायब. कमिटीच्या ग्रुपवर टोमणे सुरू, "जमत नसेल तर सांगा." बाबांचं नाक कापलं जाणार, तेही माझ्यामुळे! घरभर येरझाऱ्या घालत मी सर्व्हरच्या नावानं बोटं मोडत होते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. फोनवर होते. "होय गो, खिडकीच देतंय. लिवतंय, लिवतंय."

धावत गेले. मांडीवर टॅब, त्यात माझंच मॉड्यूल उघडं. सूचनांच्या जागेत बाबांनी टाइप केलेलं: "पुढची खिडकी काकींना, गुडघे दुखतात. लेकुरवाळीला मागे बसवू नये." बाबा सेव्ह दाबायचे आणि त्यांच्या लॉगिनला कोडची परवानगी नसल्यानं वेबसाइटचा एडिटर त्यांचा मजकूर ठेवून माझी स्क्रिप्ट कचऱ्यासारखी झाडून टाकायचा.

"अहो बाबा, काय करताय हे! तुम्हीच बिघडवताय सगळं!"

"अगं, माणसं फोन करतायत. नाही कसं म्हणू?"

"मोबाइलवर घ्या म्हणावं! आता हात लावायचा नाही." मी त्यांचं लॉगिनच बंद केलं आणि स्क्रिप्ट परत टाकली.

जेवणाआधी बस भरली. ग्रुपवर अंगठेच अंगठे. कुजबुजणाऱ्यांनीसुद्धा लिहिलं, "मानलं सेक्रेटरी!" मी जवळजवळ नाचतच आत गेले. "बाबा, जिंकलात! आता कोण काढतंय तुम्हाला?"

बाबा खिडकीशी बसले होते. "छान झालं गं," म्हणाले. "पण सकाळनंतर एकाचाही फोन नाही. यंदा गावाला कोण कोण चाललंय, मला कुणी सांगितलंच नाही."