साहेबांचं 'नाही'

आमचे साहेब दोनदा खासदार झाले आणि एकदा दिल्लीत मंत्री. त्यांच्या तोंडून 'नाही' कोणी ऐकलं नव्हतं. राळेगावला आले की आमच्या ओट्यावर बसायचे, चहा बशीत ओतायचे आणि लोकांचे अर्ज न वाचताच खिशात घालायचे. "होऊन जाईन." बदली, पूल, पोरीचं लग्न, सगळ्याला तेच. होत काहीच नसे, पण माणूस खुशीत घरी जाई.

कापसाचे भाव पडले त्या साली आम्ही विचारलं, सरकारी खरेदी कधी सुरू होणार? साहेबांनी बशी खाली ठेवली.

"खरेदी काही होत नाही. जो भाव भेटते, त्यात इकून टाका."

साहेब गेल्यावर शेजारचे काका हळूच म्हणाले, "साहेब हो म्हणतात तवा होत नाही. आता नाही म्हणून राह्यले, म्हणजे नक्की होते."

आम्हाला ते पटलं. कोणीच कापूस विकला नाही.

चैत्रात साहेब आले, तेव्हा आमच्या बैठकीत कापसाशिवाय बसायला जागा नव्हती. ते त्यातच बसले आणि कमरेपर्यंत रुतले.

"काहून इकला नाही?"

"तुम्ही नाही म्हटलं होतं ना, साहेब."

मग दोघांनी हात देऊन त्यांना उठवलं. दारात माझ्या बायकोने विचारलं, "पुढच्या साली तरी खरेदी होईन का, साहेब?"

"होऊन जाईन."

ते ऐकून आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन मी सोयाबीनचं बियाणं घेऊन आलो.