जावेचे हातमोजे

मैत्रिणींनो, आज भर दुपारी टोकावड्याला भाचीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला गेलो. मुरबाडपासून स्कूटी मी चालवली. धाकटी जाऊ मागे, माझ्या सावलीत आरामात.

मी तोंडाला क्रीम फासलं, स्कार्फ बांधला. हात मात्र उघडेच.

कासाराने जुन्या बांगड्या उतरवल्या, तर खाली गोरे पट्टे आणि बाकी हात लालभडक! बायका हसल्या. जावेचा हात बघून नणंद म्हणाली, "हिला ऊन लागतच नाय गो!" माझा नुसता जळफळाट झाला.

खरं सांगू? निघताना जाऊ म्हणाली होती, "ताई, माझे हातमोजे घाला." मीच नको म्हटलं. तिची वस्तू मला नको होती.

आता तीच माझ्या हातांना कोरफड लावतेय. तिचे हात इतके मऊ आहेत, की त्याचाही राग येतोय. तुमचं होतं का गो असं?