मोठ्या बाईंची टकटक

मोठ्या बाई आधी कुलूप उघडायच्या आणि मग दारावर टकटक करायच्या. किल्ली यांच्याच कमरेला, दारही यांनीच उघडलेलं, आणि वर उंबऱ्यात उभं राहून विचारणार, "येऊ का गं आत?" परळच्या एका इस्पितळात मनोरुग्ण बायकांचा वॉर्ड होता, त्याच्या त्या मेट्रन. मी गिरगावातून नवी नवी नर्स म्हणून तिथे गेले, तेव्हा मला हसूच आवरेना. वेड्यांचा वॉर्ड, तेव्हा सर्रास असंच म्हणायचे, तिथे कसली आलीय परवानगी! बाईंनी माझं हसणं बरोबर टिपलं. म्हणाल्या, "मंदा, कुलूप आपलं आहे. पण राहतात त्या."

बाई प्रभादेवीच्या. अंगाने काडी, पण आवाज असा की जिन्यापर्यंत ऐकू जावा. एखादी आया कुणाला दंडाला धरून न्हाणीघराकडे ओढताना दिसली की संपलंच. "अगं, ती काय भाजीची पिशवी आहे?" पण नुसतं ओरडून त्या थांबत नसत. त्याच आयेला खोलीत बोलावून चहा पाजायच्या. "दमलीस ना? मग माझ्यापाशी येऊन भांड. वेणी घालताना त्यांचे केस ओढायचे नाहीत." आम्ही खरंच भांडायचो हो! आणि बाई खरंच ऐकून घ्यायच्या.

नायगावची सरू आमच्याकडे आली तेव्हा जेवत नसे, भिंतीशी बोलत बसे. हळूहळू ती बरी झाली, अगदी ठणठणीत झाली, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. चादरींच्या घड्या सरू घालणार, हट्टी बायकांना सरू भरवणार, आमचा दुपारचा चहासुद्धा सरूच करणार. तिला घरी पाठवायचा विषय निघाला की वॉर्डात प्रत्येकीला काहीतरी आठवायचं. थंडी संपू दे, नवी आया येऊ दे. तिचा भाऊ गिरणीत कामाला, एका खोलीत बायकामुलांचं बिऱ्हाड. तोही नुसता "नेतो, नेतो" म्हणायचा. सरू खिडकीशी उभी राहून विचारायची, "बाई, मी बरी झाले ना? मग?" आणि आम्ही तिच्याच हातात घड्या घालायच्या चादरी द्यायचो. बाई मात्र नायगावला खेटे घालत राहिल्या, भाऊ हो म्हणेपर्यंत.

आणि तो आला नेमका संयुक्त महाराष्ट्राच्या बंदच्या दिवशी. गिरणी बंद, म्हणून तर त्याला सवड. पण बस बंद, ट्राम बंद, आमच्या निम्म्या आया घरी अडकलेल्या, रस्त्यावर घोषणा चाललेल्या. थोरली आया काशीबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, आज नको हो! आज सरू गेली तर आम्ही मेलो." भावाला तेवढंच हवं होतं. "अडचण असेल तर राहू द्या बाई, येईन मग कधीतरी," म्हणत तो वळलासुद्धा. सरू गाठोडं छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना.

"कुठे निघालात? बसा!" बाई त्याच्यावर कडाडल्या. मग आमच्याकडे वळल्या. "आज नड आहे म्हणून हिला ठेवून घेतलं, तर उद्याही नड असेल. ती इथे बरी व्हायला आली होती, नोकरीला नाही." पदर खोचला आणि सरळ खरकट्या भांड्यांसमोर जाऊन बसल्या. मेट्रन भांडी घासतेय म्हटल्यावर बाकीच्या कशा बसतील? काशीबाईनेही पुटपुटत झाडू उचलला. त्या दिवशी आमचे हात मोडून आले, शपथ! पण सरू भावाबरोबर गेली.

पुढे काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. आम्ही रडत म्हटलं, "तुम्ही गेल्यावर आमचं कसं होणार?"

"सरूच्या वेळीही हेच म्हणत होतात," बाई म्हणाल्या. "चल मंदा, तिच्याकडे जाऊन येऊ."

नायगावच्या चाळीत सरूच्या खोलीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. बाईंनी टकटक केली.

"कोण आहे?" आतून सरूचा आवाज.

"मी गं, मोठ्या बाई. येऊ का आत?"

"अगंबाई! थांबा हं जरा, वेणी घालतेय!"

बाईंनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"ऐकलंस, मंदा? थांबा म्हणाली."

आणि आम्ही तिथे गॅलरीत, तिची वेणी होईपर्यंत थांबलो.