खांबातला शिंपला

आधी छपराला विचारायचं, मग घाव घालायचा, ही द्रागिकाची रीत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पेडीच्या जमिनीखाली ओपल, म्हणजे रंग बदलणारं रत्न, खणण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुदळीचा दांडा वर आपटला की घट्ट दगड टणकन बोलतो. सुटलेला दगड ढब्ब वाजतो, ओल्या ढोलासारखा.

त्या सकाळी छप्पर टणटणत होतं. तिचा भागीदार मर्व्ह पुढच्या बोगद्यात होता, ती मधल्या खांबापाशी. खांब म्हणजे खणताना मुद्दाम राखलेला दगड. वरचा सगळा भार त्याच्या माथ्यावर. त्याला हात लावू नये, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण खांबाच्या कुशीला एक कपचा सुटल्यासारखा दिसला. कुणाच्या पायावर पडेल म्हणून तिनं तो पाडला, आणि काचेवर नख वाजावं तसा आवाज आला.

तिनं थुंकी लावून बोट फिरवलं. दिवा जवळ नेला.

शिंपला होता. तळहाताएवढा, मिटलेला, अर्धा खांबात रुतलेला, आणि सगळा ओपलचा. मान जरा कलली की हिरवा विझून तांबडा पेटे. आतून कुणी फुंकर घालतंय असं वाटे.

"मर्व्ह, इकडे ये. हळू ये."

तो रांगत आला आणि त्यानं डोक्यावरची टोपीच काढली. मग भानावर येऊन म्हणाला, "अख्खा हिवाळा नुसती धूळ खाल्ली आपण. बघत काय बसलीस? लग्न लावतेस का त्याच्याशी?"

"लग्न करून पाहिलंय एकदा. हा निदान घोरत तरी नाही."

"सरक. मागून कोरला की अलगद हातात येईल."

तिलाही तो हवाच होता. लहानपणी बेटावर, बापाच्या होडीपाशी, असलेच शिंपले ती ओच्यात भरायची. या रखरखाटात आली तेव्हा समुद्र कायमचा सुटला म्हणून रडली होती. आणि समुद्र तर तिच्या कोट्यवधी वर्षं आधीच इथं येऊन बसला होता.

तिनं दांडा उचलून वर आपटला. ढब्ब.

मर्व्हनं वर पाहिलं. "परत मार."

ढब्ब.

"सकाळी तर चांगलं होतं!"

"सकाळी कपचा जागेवर होता. मीच पाडला."

"एकच घाव, द्रागिका."

"घाल की. मी शिडीला पोचल्यावर. तुझं कुत्रं कुणाकडे द्यायचं तेवढं सांगून ठेव."

मर्व्हची कुदळ सावकाश खाली आली.

छप्पर असं बोललं की माणसानं पळायचं असतं. द्रागिका पळाली नाही. इथं पाणी टाकीगाडीनं येतं, थेंब सांडला तर शिव्या पडतात. तिनं अख्खी बाटली शिंपल्यावर ओतली. रंग खळाळून उठले. दोघं उकिडवी बसून बघत राहिली, ओल टिकली तोवर.

मग पायाखालचा चिखल कालवून तिनं शिंपला लिंपला. मागून येणाऱ्या कुणाला तो दिसून त्याची कुदळ खांबावर उठायला नको. दुसरा गोळा मर्व्हनं दिला, न मागता.

शिडी चढताना तो म्हणाला, "घसा सुकलाय. पाणी आहे?"

"शिंपल्यानं प्यायलं."